दोन प्रोजेक्टरच्या जोडावर काळ्या दृश्यात राखाडी पट्टा का दिसतो? एज ब्लेंडिंग (दोन चित्रांच्या कडा एकमेकांवर चढवून जोड लपवणं) तर केलंय.

ब्लेंडिंग फक्त चित्राचा उजेड दोघांत वाटतं. पूर्ण काळ्या फ्रेममध्येही लेन्समधून थोडा उजेड झिरपतोच, तो ब्लेंडिंगला थांबवता येत नाही. दोन झोत एकमेकांवर पडतात तिथे हा उजेड दुप्पट होतो आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लगेच खुपतो. म्हणून पट्टा काळा करण्याच्या मागे लागू नका, बाकीची भिंत तेवढीच राखाडी करा. प्रोजेक्टर अर्धा तास तापू द्या, दोघांचे रंग आणि उजेड जुळवा, खोलीत अंधार करून काळी फ्रेम लावा. मग जोडाबाहेरच्या भागाची ब्लॅक लेव्हल (काळ्यातला किमान उजेड) एकेक पायरी वाढवत न्या. पट्ट्याची कड विरली की थांबा, आणि हे प्रेक्षक उभे राहतात तिथून बघा, शिडीवरून नाही. त्याआधी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि ऑटो आयरिस (दृश्यानुसार उजेड आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयी) बंद हवेत. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण ते चालू असतील तर दृश्य बदललं की जुळवणी बिघडते.

मात्र यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक, थोडा जातो. चांदणं, खोल समुद्र अशी गडद दृश्यं जास्त असतील तर मुळात चांगला काळा देणारे प्रोजेक्टरच घ्यावे लागतील.