अमेरिकेत स्वस्त हातहत्यारांनी घरी रायफलची काडतुसं पुन्हा भरता येतात का?

येतात. तुमच्याकडे बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) .३०८ विंचेस्टर रायफल असेल, तर काडतुसं भरायला टेबलाला बोल्ट मारून बसवायचा प्रेस घेतलाच पाहिजे असं नाही. माझ्याकडेही तीच रायफल आहे.

पण आधी कायद्याचं. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. काही राज्यांचे नियम कडक आहेत, तेही पाहा. तुम्ही एच-१बीवर असाल तर जास्त जपा: त्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूस जवळ ठेवायलाही मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. आणि भारतातून कुणी हे वाचत असेल तर तिथे हे करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गंभीर गुन्हा आहे.

आता हत्यार. सगळ्यात स्वस्त म्हणजे ली कंपनीचा ली लोडर. एक डाय (पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याला, आकार देणारा साचा), जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) पाडायची सळई, पावडरचं (दारूचं) छोटं प्लॅस्टिकचं माप, एवढाच संच. बाकी काम नायलॉनच्या हातोडीचं. हा डाय पुंगळीची फक्त मान आवळतो, अंग आवळत नाही. गोळी झाडताना पुंगळी फुगून तुमच्या रायफलच्या चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) मापाची होते आणि तशीच राहते. त्यामुळे ती त्याच रायफलमध्ये छान बसते, मित्राच्या रायफलमध्ये कदाचित बोल्टही बंद होणार नाही. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर हा संच घेऊच नका, तिथे पूर्ण पुंगळी आवळावी लागते. पूर्ण पुंगळी आवळणारा डाय चालवायचा तर हातात धरायचा ली हँड प्रेस मिळतो. जोर लागतो, पण काम होतं.

पैसे वाचतात ते पुंगळीमुळे. काडतुसाच्या चार भागांत (पुंगळी, प्रायमर, पावडर, गोळी) पुन्हा वापरता येतो तो हाच. मात्र वेग फार कमी. हंगामात थोडीच काडतुसं लागणाऱ्याला हे परवडतं. दर शनिवारी रेंजवर जाणारा कंटाळेल.

काटकसर कुठे करायची नाही? तराजू आणि लोडिंग मॅन्युअल (कोणत्या काडतुसात किती पावडर ते सांगणारं पुस्तक). प्लॅस्टिकचं माप आकारमान मोजतं, वजन नाही. पावडर ग्रेनमध्ये तोलतात, आणि एक ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम. भाराचा, म्हणजे एका काडतुसात किती पावडर घालायची त्याचा, आकडा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचा आणि सुरुवात सर्वांत कमी भारापासून करायची. अनोळखी माणसाने नेटवर सांगितलेला भार कधीही वापरू नका. माझाही नको, म्हणून इथे मी एकही देत नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवा. पिस्तुलाची जलद जळणारी पावडर चुकून रायफलच्या काडतुसात गेली तर रायफल फुटू शकते.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो पुंगळ्या तपासण्यात, आणि तो जायलाच हवा. पितळ दर वेळी थोडं ताणलं जातं. .३०८ ची पुंगळी ५१.१८ मिलिमीटरपेक्षा लांब झाली की कापावी लागते; व्हर्नियर कॅलिपर हवाच. बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर यू-क्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवा आणि आतल्या भिंतीवरून हळूच ओढत आणा. टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर भिंत तिथे झिजली आहे. ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, पुन्हा मोहात पडायला नको.

जुनी परदेशी लष्करी पुंगळी मिळाली तर टॉर्च मारून आत बघा. मधोमध एकच भोक असेल तर प्रायमरची बॉक्सर पद्धत, ती चालते. बाजूला दोन बारीक भोकं म्हणजे बर्डन. नेहमीची सळई तिथे अडते. दोन्ही नावं शोधणाऱ्यांची; गंमत म्हणजे बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन अमेरिकन, त्याची युरोपात.

ली लोडरमध्ये नवा प्रायमरही ठोकूनच बसवतात, आणि तो कधीकधी जागेवरच फुटतो. तेव्हा पुंगळीत पावडर नसते, तरी दचकायला होतं आणि डोळ्याला धोका असतो. संरक्षक चष्म्याशिवाय हातोडी उचलू नका. थोडे पैसे असतील तर प्रायमर दाबून बसवायचं वेगळं हातयंत्र आधी घ्या, बाकीची हौस नंतर.