नलूची बाजू घेणारी मुलगी आणि डी. फार्म.चा फॉर्म

दापोली तालुक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीने यंदा सायन्समधून बारावीची परीक्षा दिली. यजमानांचं औषधाचं दुकान आहे, तेव्हा तिने डी. फार्म. करावं आणि पुढे दुकान सांभाळावं, असं घरात जवळजवळ ठरलेलं. मुलगी मात्र साहित्य घेऊन बी. ए. करायचं म्हणते. 'नटसम्राट' वाचल्यापासून तर तिने घर डोक्यावर घेतलं आहे. आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना ती अप्पासाहेबांची मुलगी नलू कशी वाईट नाही, हे पटवत असते. आई विचारतात, 'पुस्तकातल्या माणसांवर एवढं डोकं चालवून पोट भरतं का? ह्यांचं म्हणणं, वाचन काय, दुकान बंद केल्यावर रात्रीही होतं. त्यांचं चुकतंय का?' सोबत मुलीच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

बरं झालं ती पानं पाठवलीत. नुसतं 'मुलीला वाचनाची आवड आहे' एवढंच लिहिलं असतंत, तर मला काही सांगता आलं नसतं. वाचनाची आवड पुष्कळांना असते. त्यावर कुणी तीन वर्षं आणि घरचे पैसे लावावेत, असं मी म्हणणार नाही.

पहिल्या पानावर तिने ठळक अक्षरात लिहिलंय, 'विषय : वृद्धत्व, कृतघ्नता, ढासळती कुटुंबव्यवस्था.' खाली अप्पासाहेब बेलवलकरांचं स्वभावचित्रण, मानी, भावनाप्रधान, कलासक्त वगैरे. हे पान गाइडमधून आलं आहे. परीक्षेत याला मार्क मिळतात, पण या पानाच्या जोरावर मी तिला साहित्याकडे जायला सांगणार नाही. तीच विशेषणं दुसऱ्या दहा नाटकांतल्या दहा म्हाताऱ्यांना लावली तरी चालतील.

दुसरं पान वेगळं आहे. लेकीच्या घरी पैसे हरवतात आणि संशय बापावर येतो, त्या प्रसंगावर तिने लिहिलंय, 'नलूचं चुकलं. पण ती त्या दिवशी वाईट झाली नाही. आधी घर शोधायचं सोडून तिने आधी बापाकडे बघितलं, म्हणजे संशय आधीपासून होता, पैसे नंतर हरवले.' हे वाचून मी थांबलो. इथे तिने नलूला चांगली-वाईट असा शिक्का मारला नाही. कोणती गोष्ट आधी घडली आणि कोणती नंतर, ते तिने पाहिलं आणि त्यावरून मनातलं ताडलं. पात्राचं विश्लेषण म्हणतात ते हेच, आणि हे तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

याच्या पुढची पायरी कशी असते ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे साहित्याच्या वर्गात तीन वर्षं काय चालतं याचा तुम्हालाही अंदाज येईल. 'नटसम्राट' 1970 चं. त्याच्या मागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' उभा आहे. ते नाटक 1606 मध्ये इंग्लंडच्या राजदरबारात झालं होतं. म्हातारा राजा तीन मुलींना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम किती ते सांगा, त्या मानाने राज्य वाटतो. थोरल्या दोघी गोड बोलून वाटा घेतात. धाकटी कॉर्डीलिया तसं गोड बोलायला नकार देते आणि घराबाहेर जाते. एवढी गोष्ट पुष्कळांना माहीत असते. आता पुढचं बघा. राजाने स्वतःसाठी शंभर सरदार ठेवले आहेत आणि तो त्यांच्यासकट आळीपाळीने दोघींकडे राहणार आहे. थोरली गॉनरिल म्हणते, माणसं निम्मी करा. तो रागाने मधलीकडे जातो. रीगन म्हणते, मी पंचवीसच ठेवून घेईन. तेव्हा हा बाप काय म्हणतो? तो परत थोरलीकडे वळतो, कारण पन्नास म्हणजे पंचवीसच्या दुप्पट, तेव्हा तिचं प्रेमही दुप्पट! मग मुलींचं सुरू होतं : पंचवीस तरी कशाला, दहा, पाच... एक तरी कशाला?

मुली दुष्ट आहेतच, पुढे त्या काय काय करतात ते वाचताना अंगावर काटा येतो. पण मोजमाप पहिल्या प्रवेशात सुरू केलं कुणी? बापाने. प्रेम मोजून घ्यायची रीत त्यानेच घरात आणली, आणि मुलींनी तीच त्याच्यावर चालवली. म्हणून या नाटकाचा विषय 'कृतघ्नता' एवढ्या एका शब्दात मावत नाही. नाटक एक प्रश्न विचारतं आणि शेवटपर्यंत तो सोडत नाही : प्रेम मोजायला घेतलं की त्याचं काय होतं? विषय शोधायचा म्हणजे असा प्रश्न शोधायचा, आणि तो कुठल्या प्रवेशात, कुणाच्या तोंडून, कसा परत येतो हे दाखवायचं. गॉनरिलची तक्रारही जरा शांतपणे ऐकावी लागते. गणपतीत चाकरमानी आले की आपल्याकडे घरात पाय ठेवायला जागा नसते, पण ते विसर्जनानंतर परत जातात. इथे शंभर माणसं घोड्यांसकट कायमची. तिचं सगळंच खोटं नाही, आणि तरीही ती क्रूर आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणं, हे या शिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे. तुमच्या लेकीने नलूच्या बाबतीत त्याला हात घातला आहे.

आता पोटाचं. तिथे मी गोड बोलणार नाही.

साहित्याची प्राध्यापकी डोळ्यांसमोर असेल तर रस्ता लांब आहे. एम. ए., मग नेट किंवा सेट, बहुधा पीएच. डी. सुद्धा, आणि त्यानंतरही कायमची जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तुटपुंज्या पैशांत काढलेली वर्षं. केवळ हीच वाट धरून बी. ए.ला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत शिकवायचं तर बी. एड., टीईटी आणि शिक्षक भरतीची टेट परीक्षा. तिथेही भरतीची वाट बघावी लागते.

मग मी तिला नाही का म्हणत नाही? कारण तिच्या दुसऱ्या पानात जे कौशल्य आहे, त्याला वर्गाबाहेरही गिऱ्हाईक आहे. वकिलीत साक्षीदाराचा जबाब असाच वाचतात : आधी काय म्हणाला, नंतर काय, आणि मधलं काय गाळलं. पाच वर्षांच्या लॉ कोर्सला बारावीनंतर सीईटी देऊन जाता येतं, आणि पदवीनंतर तीन वर्षांचाही मार्ग आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या 1750 गुणांपैकी 500 वैकल्पिक विषयाचे असतात, आणि त्या यादीत मराठी साहित्य आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा मुद्दा धरून चार पानं लिहिता येणाऱ्याला तिथे फायदा आहे. मालिका, वेब सिरीज आणि चित्रपट यांच्या लेखनात तर 'हे पात्र असं का वागेल' याच प्रश्नावर लेखकांची टीम दिवसभर बसलेली असते. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचं स्वतंत्र शिक्षण मिळतं. प्रकाशनातलं संपादन, अनुवाद, सबटायटल ही कामं आहेत. सुरुवातीला पैसे बेताचे मिळतात, पण दोन भाषा पक्क्या असणाऱ्याला काम मिळत राहतं.

म्हणून माझा आग्रह एकच : एका भाषेवर थांबू नये. आता पदवीला मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आलं आहे. इंग्रजी साहित्य मेजर आणि मराठी मायनर, किंवा उलट, अशी जोडी जिथे मिळेल ते कॉलेज धरा. दापोलीत वराडकर-बेलोसे कॉलेज आहे, रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर. प्रवेशाआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा की ही जोडी यंदा खरोखर चालू आहे का, की नुसती माहितीपुस्तकात छापली आहे. ग्रंथालयही बघून या. मुक्त प्रवेशाचं, पुस्तकांना हात लावू देणारं ग्रंथालय असेल तर कॉलेज थोडं लांब पडलं तरी चालेल.

दोन भाषा का, यासाठी विंदा करंदीकरांकडे बघा. जन्म 1918 चा, देवगड तालुक्यातल्या धालवलीचा. आयुष्यभर इंग्रजीचे प्राध्यापक, आणि मराठीतले एवढे मोठे कवी की 2003 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. याच माणसाने ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं आणि 'किंग लिअर'चं भाषांतरही केलं. तिने लिअर वाचायला घेतला तर विंदांचा 'राजा लिअर' शेजारी ठेवूनच वाचावा. इंग्रजी अडेल तिथे आधार होईल, आणि अनुवादकाने कुठे काय निवडलं हेही दिसेल.

यजमानांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रात्री वाचून होतं, हे खरंच आहे. श्री. ना. पेंडसे तुमच्याच तालुक्यातले, मुर्डीचे. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करून त्यांनी 'गारंबीचा बापू' लिहिली, 'रथचक्र' लिहिली, आणि निवृत्तीनंतर 'तुंबाडचे खोत'सारखी दोन खंडांची कादंबरीही लिहिली. तेव्हा तिला फक्त वाचायचं किंवा लिहायचं असेल, तर दुकान आड येणार नाही. पण वाचलेल्यावर काम करायचं असेल, वकील, संपादक, अनुवादक, पटकथाकार म्हणून, तर आपलं म्हणणं चारचौघांत मांडायची, ते कुणीतरी खोडून काढायची आणि पुन्हा नीट बांधायची सवय लागते. ती रात्री एकट्याने लागत नाही. त्यासाठी वर्ग लागतो, आणि हटकणारा मास्तर लागतो. शिवाय तिची बारावी सायन्सची पात्रता कुठे जात नाही. बी. ए.नंतर तिला स्वतःलाच दुकान घ्यावंसं वाटलं, तर डी. फार्म. दोनच वर्षांचं आहे. फार्मसी आधी आणि साहित्य नंतर, असं मात्र सहसा घडत नाही. एकदा दुकानाच्या गल्ल्यावर बसलं की उठणं कठीण.

तरीही लगेच हो म्हणू नका. निकाल लागून प्रवेश सुरू होईपर्यंत तिला एक काम द्या. 'गारंबीचा बापू' 1952 ची, वाचनालयात मिळेल. तिला ओळखीची झाडं, ओळखीच्या वाटा, ओळखीची बोलणी तिच्यात सापडतील, आणि त्यातच धोका आहे. आपल्या मुलखातली कादंबरी वाचताना आपण पुस्तक बाजूला ठेवून गावच्या आठवणी सांगू लागतो. तिने बापूचं स्वभावचित्रण लिहायचं नाही. गावावर लिहायचं : अण्णा खोतांचं हे गाव बापूकडे आणि राधेकडे कसं बघतं, ते बघणं कुठे बदलतं, आणि बदलतं ते बापू बदलतो म्हणून की गावाची सोय बदलते म्हणून? चार पानं, गाइड न उघडता, आणि प्रत्येक विधानापुढे पुस्तकातला पान क्रमांक.

हे करताना ती कंटाळली, आठवडा गेला तरी पहिलं पान पुरं झालं नाही, तर तिची आवड वाचनाची आहे, विश्लेषणाची नाही, आणि मग डी. फार्म.चा फॉर्म भरायला माझी काहीच हरकत नाही. जेवायला हाक मारल्यावर 'थांब, एवढं लिहून होऊ दे' असं ऐकू आलं, तर बी. ए.चाच फॉर्म भरा.

चार पानं झाली की आधी यजमानांना द्या. त्यांना रोज डॉक्टरांचं अक्षर लावायची सवय आहे, तिचंही लागेल. पटलं नाही तिथे त्यांनी पेन्सिलने खूण करावी. तिने त्याचं उत्तर लिहून द्यायचं, तोंडी भांडायचं नाही. मग ती पानं आणि उत्तरं दोन्ही मला पाठवा. कॉलेज दापोलीचं, रत्नागिरीचं की थेट मुंबईचं, आणि हॉस्टेलचा खर्च झेपेल का, हे ती वाचल्यावर फोनवर बोलू.