मुलाच्या रेसिंगसाठी कॉलेजचे पैसे मोडावेत का?

प्रश्न: आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटजवळ राहतो. १७ वर्षांचा मुलगा लेजेंड्स ही शर्यतीची छोटी गाडी चालवतो, आता त्याला लेट मॉडेल स्टॉक कारमध्ये, म्हणजे स्थानिक ट्रॅकवरच्या वरच्या वर्गात, उतरायचं आहे. वापरलेली गाडी आणि ट्रेलर मिळून ४५,००० डॉलर लागतील. ते त्याच्या ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) काढावेत की घरावर कर्ज घ्यावं? तो म्हणतो, समोरची मुलं पैशाच्या जोरावर जिंकतात, चांगली गाडी मिळाली की सामना बरोबरीचा होईल.

उत्तर: नमस्कार. दोन्ही करू नका. मुलाने रेसिंग सोडावं असं मात्र मी म्हणणार नाही.

आधी ५२९ बघू. खात्यात ६०,००० आहेत आणि त्यातली २४,००० वाढ आहे, असं तुम्ही कळवलंय. ४५,००० काढलेत तर त्यातले १८,००० वाढीचे धरले जातील. ते शिक्षणावर खर्च होणार नाहीत, म्हणून तुमच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात ३,९६० डॉलर फेडरल कर आणि वर १० टक्के दंडाचे १,८०० भरावे लागतील. राज्याचा कर वेगळा. गाडी दारात यायच्या आधीच ५,७६० गेले. शिवाय मुलाला हे पैसे लागले नाहीत तर तेच खातं कर न भरता धाकट्या मुलीच्या नावावर करता येतं. तिच्या वाट्याचाही विचार व्हायला हवा.

घरावरचं कर्ज तर त्याहून वाईट. गाडी एका रात्रीत भिंतीवर आदळून भंगार होऊ शकते, हप्ता मात्र चालूच राहतो. नेहमीच्या घराच्या किंवा गाडीच्या विम्यात शर्यतीतलं नुकसान धरत नाहीत.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येतो. त्याची तक्रार खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. स्थानिक ट्रॅकवरचा खर्च आवरायला कारखान्यातून सीलबंद येणारी क्रेट इंजिनं आणली गेली, जीएमची (जनरल मोटर्स) ६०२ आणि ६०४ ही मॉडेलं त्यातली नेहमीची. इंजिनाचा खर्च बांधला गेला, तसा पैसा शॉक अब्सॉर्बरकडे, नव्या टायरकडे आणि सरावासाठी ट्रॅक भाड्याने घेण्याकडे वळला. तुम्ही ४५,००० घातलेत तरी ज्याच्याकडे जास्त आहे तो पुढच्या महिन्यात आणखी घालेल. काही जण टायर मऊ व्हावेत म्हणून त्यांना रसायन लावतात. ते नियमाबाहेर आहे, पण पकडायला ट्रॅकने टायरचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात आणि प्रत्येक ट्रॅक तो खर्च करत नाही.

याउलट, काही ट्रॅकवर खालच्या वर्गांत ‘क्लेम’चा नियम असतो. शर्यत संपल्यावर दुसरा स्पर्धक ठरलेल्या किमतीत तुमचं इंजिन विकत घेऊ शकतो. मग त्या किमतीपेक्षा जास्त पैसा इंजिनात ओतायला कोण धजेल? मला हा नियम फार आवडतो, कारण इथे तपासनीस डुलकी घेत असला तरी हिशेबच शिस्त लावतो. रात्रीला ठरावीकच टायर वापरायचे, असा नियम असेल तर त्याचाही असाच उपयोग होतो. म्हणून गाडी बघण्याआधी नियमावली वाचा. ती पाळली जाते की नाही, यावर तुमच्या पैशाची किंमत ठरणार आहे.

तुमच्या यादीत एका रात्रीच्या चार टायरचे ८०० डॉलर आहेत. १५ रात्रींचे १२,००० झाले. जिंकणाऱ्याला १,००० मिळतात म्हणता, म्हणजे पंधराच्या पंधरा जिंकल्या तरी १५,०००. त्यात डिझेल, प्रवेश फी, इंजिनाची देखभाल, मोडतोड यातलं काही धरलेलं नाही. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून हा खर्च वजा करण्याचा विचारही सोडा. पाचपैकी तीन वर्षं नफा दाखवता आला तर आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) त्याला सहसा व्यवसाय मानतं, नाहीतर तो छंद ठरण्याची भीती राहते. छंद ठरला की बक्षिसावर कर लागतो आणि खर्चाची वजावट मिळत नाही.

मी तुमच्या जागी काय करेन? लेजेंड्स गाडीचे १४,००० येतील असा तुमचा अंदाज आहे. त्यात स्ट्रीट स्टॉकसारख्या खालच्या वर्गातली वापरलेली गाडी बघेन, क्लेम किंवा टायरची मर्यादा असलेल्या ट्रॅकवरच. निवृत्तीच्या ४०१(के) खात्यात भरूनही तुमच्याकडे महिन्याला १,८०० उरतात, म्हणजे वर्षाला २१,६००. त्यातले १२,००० हंगामासाठी आणि ५,००० फक्त अपघाताच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात. ते ५,००० संपले की हंगाम संपला, हे मुलाला आधीच सांगा आणि त्याच्यासमोर कागदावर लिहा. लेट मॉडेलचा ध्यास जात नसेल तर एखाद्या टीमची गाडी एका रात्रीपुरती भाड्याने मिळते का बघा. घड्याळ सांगेल तो किती मागे आहे, आणि तेवढा फरक गाडीचा की सरावाचा हेही कळेल.

चेक लिहिण्यापूर्वी एक रात्र त्याच्याबरोबर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाड्या तयार करतात तिथे, घालवा. शर्यतीनंतर पहिल्या तीन गाड्यांचं काय उघडून बघतात, टायरचा नमुना घेतात का, तक्रार करायला किती अनामत भरावी लागते, हे विचारा. तपासणी ढिली दिसली तर त्या ट्रॅकवर पैसे घालू नका, शेजारच्या ट्रॅकची नियमावली मागवा.