पशुवैद्यांचा सल्ला : ताटली रिकामी झाली, तरी चिंगी भुकेलीच

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी आम्ही प्राण्यांना घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेकडून मांजरी दत्तक घेतली. ती मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत सापडली होती. संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तिचे वय दीड-दोन वर्षे आहे, नसबंदी झालेली आहे आणि त्याची खूण म्हणून एका कानाचे टोक कापलेले आहे. घरी आली तेव्हा तिचे वजन २ किलो ६०० ग्रॅम होते. चिंगी स्वभावाने अतिशय लाघवी आहे, परंतु तिची भूक भागतच नाही. पाकिटावरील सूचनेप्रमाणे रोज ५० ग्रॅम कोरडे खाद्य आम्ही सकाळ-संध्याकाळ विभागून देतो. ते ती मिनिटभरात संपवते आणि कधी कधी लगेच तसेच्या तसे उलटून टाकते. त्यानंतर ओट्यावर चढून पोळ्यांचा डबा पाडते, कणकेचा गोळा पळवते, कचऱ्याची पिशवी फाडते आणि पहाटे चार वाजता ओरडून घर जागे करते. शौचास दिवसातून तीनदा आणि मऊ होते. सासूबाई म्हणतात, दूध-पोळी कुस्करून घातली की मांजर शांत बसते. यजमान म्हणतात, वाडगे सतत भरलेलेच ठेवावे. आमच्या घरी अंडी चालतात, पण मांस-मासे शिजत नाहीत. तिला नेमके किती खायला द्यावे, काही आजार तर नसेल ना, आणि हे कधी थांबेल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे आपण तिचे पहिल्या दिवसाचे वजन लिहून ठेवले आहे. खूप भूक लागते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि बहुतेकांकडे त्याचे उत्तर नसते. चिंगी किती ओरडते यावरून तिला अन्न पुरते की नाही हे कळणार नाही. ते तिच्या वजनावरून कळेल. म्हणून आजच तिला पुन्हा तोला. भाजीची परडी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि तिला परडीत बसवा. किंवा तिला उचलून घेऊन माणसांच्या काट्यावर उभे राहा आणि नंतर आपले एकटीचे वजन त्यातून वजा करा. पुढे दर रविवारी त्याच वेळी हेच करून आकडा दिनदर्शिकेवर लिहीत जा.

तीन आठवड्यांत वजन थोडे वाढले असेल, तर आजाराची शक्यता बरीच कमी होते. वाढलेच नसेल किंवा घटले असेल, तर अन्न वाढवण्याआधी तपासणी करून घ्यावी लागेल. मऊ शौच पाहता मी तर वजन वाढलेले असले तरीही एकदा तिची विष्ठा तपासून घ्यावी असे सांगेन. रस्त्यावर वाढलेल्या मांजराच्या पोटात जंत असणे ही अगदी नेहमीची बाब आहे. संस्थेने जंतांचे औषध दिले होते का, कोणत्या तारखेला आणि किती वजनासाठी, हे विचारून घ्या. अनेकदा पहिली मात्रा दिली जाते आणि दोन-तीन आठवड्यांनी द्यायची दुसरी राहून जाते. पहिल्या औषधाच्या वेळी जे जंत अजून अळीच्या अवस्थेत होते, ते मधल्या काळात मोठे होतात. शेपटीखालच्या केसांत किंवा तिच्या अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे, सुरुवातीला किंचित हलणारे तुकडे दिसले, तर ते पट्टकृमीचे समजावेत. हा कृमी बहुधा पिसवांमार्फत येतो, कारण अंग चाटताना मांजर पिसू गिळते. त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त केल्याखेरीज तो पुन्हा पुन्हा होत राहतो. येथे एक गोष्ट कळकळीने सांगते : कुत्र्यांसाठी मिळणारे पिसवांचे थेंब तिला लावू नका. त्यांपैकी काहींत परमेथ्रिन असते आणि मांजरांना त्याने झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. विष्ठेचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात द्यावा. जंतांची अंडी आणि जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी त्यात शोधता येतात.

आता प्रमाणाकडे वळू. मांजराच्या विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या ऊर्जेचा अंदाज आम्ही वजनावरून एका सूत्राने काढतो, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ मांजराला साधारण त्याच्या १.२ पट ऊर्जा देतो. चिंगीची हाडे हाताला टोचत असतील, तर तिचे योग्य वजन ३ किलो २०० ग्रॅमच्या आसपास धरू. त्या वजनाला दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे ५० ते ५७ ग्रॅम खाद्य पुरते. आपण देत असलेले ५० ग्रॅम त्यामुळे फारसे चुकलेले नाहीत, आणि आपण तिला उपाशी ठेवत आहोत ही रुखरुख मनातून काढून टाकावी. मात्र मी ते सगळे कोरडे देणार नाही. दिवसाला ३५ ग्रॅम कोरडे खाद्य आणि ओल्या खाद्याचे एक लहान पाऊच असे द्या. पाऊचमध्ये बहुधा ६० ते ८० किलोकॅलरी असतात, तरी नेमका आकडा पाकिटावर पाहून घ्यावा. ओल्या खाद्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असल्याने तेवढ्याच कॅलरींत पोट अधिक भरते, शिवाय मुळात कमी पाणी पिणाऱ्या या प्राण्याच्या पोटात पाणीही जाते. खाद्य वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. घरोघरच्या वाट्या वेगळ्या असतात आणि रोज दहा ग्रॅम जास्त गेले, तर एवढ्याशा शरीरासाठी ती जवळजवळ पाचव्या हिश्श्याची वाढ ठरते. आठवड्याला ४०-५० ग्रॅम वजन वाढत असेल तर उत्तम चालले आहे असे समजा.

वयाबद्दल एक शंका माझ्या मनात आहे. मांजराचे पक्के दात सहा-सात महिन्यांत येऊन जातात आणि त्यानंतर दातांवरून वय सांगणे हा अंदाजच असतो. चिंगी दोन वर्षांची नसून आठ-दहा महिन्यांची असू शकते, आणि तसे असेल तर ती अजून वाढीच्या वयात असल्यामुळे तिला पिल्लांचे खाद्य आणि वरच्या हिशेबापेक्षा बरेच जास्त प्रमाण लागेल. डॉक्टरांना दात आणि अंगाची ठेवण पाहून याविषयी मत द्यायला आवर्जून सांगा.

सासूबाईंच्या दूध-पोळीविषयी. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांची मांजरे दूध-पोळीवर वाढली असे वाटते, कारण घरच्यांनी घातलेली दूध-पोळीच आपण पाहिलेली असते. उंदीर, पाली आणि चिमण्या ती मांजरे स्वतः मिळवत असत आणि त्यांचे खरे पोषण त्यावर होई. बंद दाराच्या सदनिकेतील चिंगीला ती सोय नाही. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी देहाचा प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, आणि निसर्गात तो मुख्यतः प्राणिज अन्नातूनच मिळतो. १९८७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झालेल्या संशोधनातून हे स्पष्ट झाले की टॉरिन कमी पडल्यास मांजराचे हृदय फुगून दुबळे होते. त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि हा हृदयविकार दुर्मीळ झाला. टॉरिनच्या अभावी दृष्टीही जाते. दुधाचे म्हणाल, तर दूध तुटल्यावर बहुतेक मांजरांची दुधातील साखर पचवण्याची शक्ती कमी होत जाते, आणि आपण लिहिता तसे मऊ शौच त्यानेही होऊ शकते. सासूबाई तिला चोरून दूध देत असतील, तर रागावू नका. भुकेल्या जिवाला काहीतरी घालावे ही त्यांची ओढ खरी आहे. तिच्या एका वेळच्या जेवणाची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या. त्यांच्या हातून मोजलेले खाद्य जाऊ लागले की दुधाची गरज त्यांनाही वाटणार नाही.

मांस-मासे न शिजणाऱ्या घरात मांजराचे पोषण व्यवस्थित होऊ शकते, कारण पाकिटातील ‘संपूर्ण आहार’ असा उल्लेख असलेले खाद्य स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या ताटलीत ठेवता येते. अंडे द्यायचे असेल तर उकडलेल्या अंड्याचा चौथा भाग दिवसाला पुरे. अख्ख्या अंड्यात सुमारे ७० किलोकॅलरी असतात आणि वरखाण्यातून दिवसाच्या एक-दशांशाहून जास्त ऊर्जा जाऊ नये. भाजी-आमटीतले काही मात्र देऊ नका. कांदा आणि लसूण शिजवलेले असले तरी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि आपल्या घरची कोणती फोडणी त्यांच्याविना होते?

खाद्य कसे द्यावे, यावर चिंगीचे बरे होणे मला सर्वांत जास्त अवलंबून वाटते. मांजर निसर्गतः दिवसभरात दहा-पंधरा वेळा थोडे थोडे खाणारा प्राणी आहे. आपण तिला बारा-बारा तासांनी खायला देता, म्हणजे मधला सगळा वेळ ती पुढच्या घासाची वाट पाहते. तेच दिवसाचे खाद्य पाच भागांत वाटा : सकाळी साडेसहा, अकरा, दुपारी चार, रात्री आठ आणि शेवटचे झोपण्याआधी, साडेदहा-अकराला. शेवटचे जेवण ओल्या खाद्याचे आणि सर्वांत मोठे ठेवा. त्याआधी दहा मिनिटे दोरीने खेळवले तर ती खाऊन, अंग चाटून झोपते. दोरी खेळानंतर कपाटात ठेवावी, कारण भुकेलेली मांजरे दोरा गिळतात. पहाटे चारला उठून ताटलीत काही घालू नका. एकदा घातले की ओरडण्याचा उपयोग होतो हे ती शिकते. घड्याळ लावून आपोआप उघडणारे खाद्यपात्र मिळते. ते पहाटे साडेतीनला उघडेल असे लावले तर तिला उठवायला माणसाची गरजच राहत नाही.

खाल्ल्याबरोबर न चावलेले दाणे बाहेर पडतात, त्याचे कारण बहुतेक वेळा वेग असतो. खोल वाडग्याऐवजी मोठ्या स्टीलच्या ताटात दाणे एकेक करून पसरा, किंवा बर्फाच्या ट्रेच्या खणांत थोडे थोडे घाला. ते कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवले तरी चालतील. हे करूनही आठवड्यात उलटी थांबली नाही, किंवा खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी उलटी होऊ लागली, तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

यजमानांचा भरलेल्या वाडग्याचा उपाय काही मांजरांना लागू पडतो, पण आत्ता नाही. मासळी बाजाराच्या मागे जे मिळेल ते दुसऱ्या मांजराने किंवा कुत्र्याने ओढून नेण्याआधी गिळायचे, ही चिंगीची सवय होती, आणि त्या सवयीने तिला जगवले. माझ्याकडे अशीच एक मांजरी आली होती. पहिले कित्येक दिवस खाऊन झाल्यावर ती पुढचा पंजा रिकाम्या ताटलीत ठेवून, तसेच डोळे मिटून बसत असे. ताटली सरकवली की दचकून उठे. सहाव्या की सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने चार दाणे ताटलीत मागे ठेवले आणि खिडकीकडे निघून गेली. ते चार दाणे मी बराच वेळ पाहत बसले होते. आपल्या घरीही काही आठवडे, कदाचित दोन-तीन महिने लागतील. वेळा पाळल्या जातील तसतसे ते लवकर होईल; पोळी पळवल्याबद्दल तिला मारले किंवा तिच्यावर पाणी उडवले तर उशिरा होईल. पोळ्यांचा डबा कपाटात आणि कचरा घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवणे हे आपले काम आहे.

दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मांजरात मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार क्वचितच असतो. परंतु पाणी अचानक खूप पिऊ लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दाखवा. आणि इतकी भुकेलेली मांजर एखादे दिवशी अन्नाकडे पाठ फिरवील, तर चोवीस तासांहून अधिक वाट पाहू नका. उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात दोन-तीन दिवसांतच चरबी साचू लागू शकते.

प्रश्न : शेजारचे कुटुंब परगावी गेल्याने त्यांचा बारा वर्षांचा बोका आम्ही ठेवून घेतला. तोही सतत खायला मागतो, भरपूर खातो, रात्रभर घरभर फिरतो, पण अंगावर काही दिसत नाही. वरच्यासारखे वेळापत्रक लावावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी रक्ततपासणी करून घ्या. म्हातारपणी भूक वाढणे आणि त्याच वेळी वजन घटणे ही जोडी दिसली, की नव्या घराचा ताण हे कारण मी शेवटी धरते. दहा वर्षांपुढील मांजरांत थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागण्याचा विकार पुष्कळ आढळतो; त्यात शरीर खाल्लेले सगळे जाळून टाकते, हृदय वेगाने धडधडते आणि मांजर अस्वस्थपणे ओरडत फिरते. रक्तातील टी-फोर (थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक), साखर आणि मूत्रपिंडाचे घटक एकाच नमुन्यात तपासता येतात. थायरॉईडचा विकार निघाला तर रोजच्या गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो. दात आणि हिरड्याही पाहून घ्याव्यात. निदान होईपर्यंत त्याचे खाणे कमी करू नका, मागेल तेव्हा थोडे थोडे द्या. दवाखान्यात जाताना आधीच्या कुटुंबाला फोन करून वर्षभरापूर्वीचे त्याचे वजन विचारा आणि तो आकडा लिहून सोबत न्या.