नाशिकची पॉलिसी बंद करू नका

प्रश्न : मी इंदिरानगरला राहतो, वय ३८. लंडनच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम कंत्राटी पद्धतीने घरून करतो. बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन वर्षभर स्पेनमध्ये राहायचं आणि तिथून हेच काम करायचं ठरवतोय. तिथल्या डिजिटल नोमॅड व्हिसाला आरोग्य विमा लागतो. एजंट म्हणतो, ३८ हजारांची ट्रॅव्हल पॉलिसी चालेल. स्पेनच्या विमा कंपनीने तिघांचे वर्षाचे २,४०० युरो सांगितलेत. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. इथली १० लाखांची फ्लोटर (घरातल्या सगळ्यांची मिळून एक आरोग्य पॉलिसी) चार वर्षांपूर्वी घेतली, मधुमेह तेव्हाच फॉर्ममध्ये लिहिला होता. मागच्या नूतनीकरणाला जीएसटीसकट २७,५०० भरले. आम्ही इथे नसणारच, तर ती बंद करून ते पैसे तिकडे वळवू का?

उत्तर : नाही. आणि एजंटचं ऐकून ट्रॅव्हल पॉलिसीही घेऊ नका.

आधी एजंटचं बघू. ‘तीस हजार युरोचं कव्हर आहे’ असं त्याने सांगितलं असेल. तो आकडा शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या, ९० दिवसांपर्यंतच्या, फिरायला जाणाऱ्यांच्या व्हिसाचा. तुमचा व्हिसा राहण्याचा आहे. त्याला स्पेनमध्ये व्यवसायाची परवानगी असलेल्या कंपनीचा, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेइतकं कव्हर देणारा विमा लागतो. प्रमाणपत्रावर दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या : ‘सिन कोपागोस’, म्हणजे दरवेळी खिशातून वाटा भरायचा नाही, आणि ‘सिन कारेन्सिआस’, म्हणजे प्रतीक्षा कालावधी (सुरुवातीचा, क्लेम न मिळण्याचा काळ) नाही. कॉलेज रोडच्या एका जोडप्याची फाइल माझ्या टेबलावर आली होती. विमा स्पेनचाच, कंपनीही ठीक, पण तिसऱ्या पानावर डॉक्टरच्या प्रत्येक भेटीला काही युरो भरायची अट. तेवढ्यावरून नवं प्रमाणपत्र मागितलं गेलं. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईची आणखी एक फेरी झाली, ती वेगळीच.

म्हणून २,४०० युरोचं कोटेशन महाग वाटलं तरी दिशा तीच बरोबर. पैसे भरण्याआधी कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा. व्हिसा नाकारला गेला तर हप्ता परत मिळेल का? आणि मधुमेह धरला आहे की वगळला आहे? आरोग्याच्या प्रश्नावलीत तो लपवू नका. क्लेमच्या वेळी साखरेचा पहिला रिपोर्टच सगळं सांगून टाकतो. शिवाय तिथल्या खासगी विम्यात रोजच्या गोळ्यांचा खर्च सहसा येत नाही, तेव्हा औषधांचे पैसे वेगळे धरा आणि इथल्या डॉक्टरांकडून जेनेरिक नावांचं प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत घेऊन जा.

तुम्ही कंत्राटी आहात, म्हणजे तिथे पोचल्यावर स्वयंरोजगारी म्हणून सामाजिक सुरक्षेत नाव नोंदवून दरमहा वर्गणी भरावी लागेल. ती नोंद झाली की सरकारी आरोग्यसेवेचा हक्क मिळतो, आणि मधुमेहासाठी खरा आधार तोच. मग खासगी पॉलिसी दुसऱ्या वर्षी लागेलच असं नाही. पण तिथल्या पॉलिसी आपोआप पुढे सरकतात. नको असेल तर मुदत संपायच्या किमान एक महिना आधी लेखी कळवावं लागतं. ही तारीख आत्ताच फोनमध्ये टाका.

हप्ता इथून पाठवायला अडचण नाही. भारतात राहणाऱ्याला परदेशी कंपनीचा आरोग्य विमा घेता येतो, फक्त ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते. दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएसही (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही. वर्षभरात पाठवलेलं बाकीचं सगळंही त्यात धरायचं, हे मात्र विसरू नका.

उत्पन्नाची अटही एकदा तपासा. अर्जदाराला तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट, बायकोसाठी आणखी ७५ टक्के, मुलीसाठी २५. तिघांचे मिळून बरोबर तिप्पट होतात.

आता इथली फ्लोटर. तिचे क्लेम भारतातच चालतात, त्यामुळे वर्षभर ‘फुकट’ पैसे जाणार असं वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही चार वर्षं नुसते हप्ते भरले नाहीत, मधुमेहाचा प्रतीक्षा कालावधीही काढलात. आधीच्या आजारासाठी तो आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो. तुम्ही त्याच्या पलीकडे आहात. शिवाय सलग ६० महिने भरले की ‘ही माहिती दडवली’ म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. तुमचं पाचवं वर्ष चालू आहे. आता सोडलीत तर परत आल्यावर चाळिशीच्या तोंडावर, मधुमेहासकट, नवीन अर्ज. कंपनी हो म्हणेलच असं नाही, म्हणाली तरी घड्याळ शून्यापासून. आणि वर्षाचा बेत तीन महिन्यांतही गुंडाळावा लागतो. काम सुटलं, घरी कोणी आजारी पडलं, काहीही होतं.

खर्चही वाटतो त्यापेक्षा कमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. मूळ हप्ता वाढला नाही तर तुमचे २७,५०० आता साधारण २३,३०० होतील. महिन्याला दोन हजारांच्या आत.

राहिलं बँकेचं. परदेशी राहायला गेलात की तुमचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करावं लागतं, आणि त्या गडबडीत हप्त्याचा ऑटो-डेबिट तुटू शकतो. वार्षिक हप्ता उशिरा भरायला ३० दिवसांची मुदत असते, पण त्या दिवसांत कव्हर चालू राहील असं गृहीत धरू नका. निघण्याआधी कंपनीला परदेशात राहणार असल्याचं कळवा, नवा ईमेल द्या, आणि नूतनीकरणाची तारीख वर्षाच्या मधोमध येत असेल तर दोन वर्षांचा हप्ता एकदम घेतात का, ते विचारा. घेत असतील तर भरून टाका.