वर्षभर कोरडा होता, आता परत गादी ओली करतोय

डायपर सुटून वर्ष झालं आणि पोरगं परत ओलं करायला लागलं, मुद्दाम करतं का हो मॅडम, असं विचारणारे आईबाबा जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे हमखास येतात. मुद्दाम नाही करत हो, खरंच नाही.

मागे वारज्याची एक आई आली होती, मुलगा साडेचार वर्षांचा, नुकताच ज्युनिअर केजीत घातलेला, घरात तान्ही बहीण. शाळेतून रोज दप्तरात ओली चड्डी येते, रात्री गादी, त्यात पावसाळा म्हणजे काही वाळत नाही, आजी म्हणतात एवढा घोडा झालास तरी, बाबांनी एकदा फटका पण दिलेला. मुलगा गाडी फिरवत बसला होता पण कान सगळे आमच्याकडे, म्हणून आईला म्हटलं जरा थांबा आणि मी त्याच्याजवळ खाली बसले. खेळता खेळता म्हटलं बाहुलीला शू लागलीय, शाळेतल्या बाथरूममध्ये ने. तर म्हणाला, "तिथे नको, ते पाणी जोरात आवाज करतं, आणि मावशी दार लावतात." म्हणजे शाळाभर हे लेकरू शू पण धरून ठेवतंय आणि शी पण.

आईला विचारलं, शी रोज होते का? "होते ना... म्हणजे दोन-तीन दिवसांनी, कडक खडे." इथेच बऱ्याच घरात चुकतं, शू बघतात आणि शी कोणी विचारत नाही. साठलेली शी लघवीच्या पिशवीवर दाबते, मग तिच्यात शू कमी मावते आणि लागल्याचं मुलाला वेळेत कळत पण नाही.

आधी मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, लघवीत इन्फेक्शन नव्हतं, बद्धकोष्ठ होतं, शी मऊ व्हायचं औषध दिलं आणि बरं वाटलं की लगेच बंद करू नका असं बजावलं. घरी नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की पाच मिनिटं कमोडवर बसवायचं, पाय लोंबकळत नकोत, खाली स्टूल हवं, कारण खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात. आईने दुपारी चारनंतर पाणीच बंद केलं होतं, त्याने शी अजून घट्ट होते, म्हणून दिवसभर भरपूर पाणी द्या, फक्त झोपायच्या आधी तासभर कमी. गादीवर मेणकापड. स्टिकर द्यायचा तो बसल्याबद्दल, कोरडा राहिल्याबद्दल नाही, झोपेत काय होतं ते त्याच्या हातात नाही ना. शाळेत टीचरशी बोलून ठरवलं की दार उघडं ठेवायचं आणि तो बाहेर आल्यावरच फ्लश करायचा. आणि बाळ झोपलं की थोडा वेळ आई फक्त त्याची.

दिवसाचं काही आठवड्यांत थांबलं. रात्रीचं चालूच होतं, बाबा वैतागले, तेव्हा आजीच म्हणाल्या, "अरे तू दुसरीत जाईपर्यंत करायचास की!" त्यानंतर त्या घरात आवाज चढला नाही. आईबाबांपैकी कोणाला असेल तर मुलाला असायची शक्यता वाढतेच, आणि पाच वर्षांच्या शंभरातली साधारण 15 मुलं रात्री ओलं करतात, वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचं थांबतं. नुसतं रात्रीचं असेल तर पाचच्या आत औषध सहसा देत नाहीत, सहा-सातनंतरही राहिलं तर अलार्म (चड्डी ओली व्हायला लागली की वाजून मुलाला उठवणारं छोटं यंत्र) वगैरे उपाय आहेत.

पण अचानक खूप तहान, वजन उतरणं, जळजळ, लघवीत रक्त, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, तहान आणि वजन उतरणं हे लहान मुलांतल्या डायबेटीसचं पण लक्षण असतं.