जुन्या नाशकात वाडा पाडून बांधलेली नवी इमारत वाड्यासारखी दिसावी की सरळ आधुनिक असावी?

आपण लिहिले आहे की आपल्या वडिलोपार्जित वाड्याच्या जागी इमारत बांधायची आहे, आणि तिचा दर्शनी भाग जुन्या धाटणीचा ठेवावा की नव्या, यावर घरात दोन मते आहेत. मी २२ वर्षे स्थापत्य आरेखक म्हणून नोकरी केली आहे आणि भद्रकालीच्या बाजूचा आमचा माहेरचा वाडा २०१६ मध्ये पाडला जाऊन तिथे इमारत उभी राहिलेली पाहिली आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. फायबरच्या महिरपी, सिमेंटच्या खांबांना दिलेला सागवानी रंग आणि गच्चीच्या कठड्यावर चिकटवलेली तयार नक्षी यांमुळे कोणतीही इमारत वाड्याची वारस होत नाही. गल्लीला भिडणारा तळमजला कसा आहे आणि इमारतीच्या पोटात उजेड कुठून उतरतो, या दोन गोष्टी नीट असतील तर दर्शनी भाग साध्या विटांचा असला तरी माझी हरकत नाही.

आमचा वाडा मोठा नव्हता. काळ्या दगडाचे जोते, त्यावर विटांचे दोन मजले, दिंडी दरवाजाच्या दोन्ही अंगांना ओटा, आत देवडी आणि मध्ये १४ फूट बाय १६ फुटांचा चौक. रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारून परतणारी मुले आमच्या ओट्यावर अंग वाळवत बसत आणि काकू त्यांना आतून पाण्याची कळशी आणून देत असे. चौकातला उजेड ओसरीवरून थेट माजघरापर्यंत पोहोचत असल्यामुळे दिवसा स्वयंपाकघरात दिवा लावल्याचे मला आठवत नाही.

वाडा पाडायचे ठरले तेव्हा आम्ही पाच हिस्सेदार होतो आणि त्यांत मी एकटीच मुलगी होते. बिल्डरशी वाटाघाटी थोरले चुलतभाऊ, म्हणजे आमचे अण्णा, पाहत होते. मी तीन रविवार बसून ट्रेसिंगवर आराखडा काढला. त्यात चौक होता त्याच जागी आकाशाला उघडा ठेवला होता, त्याच्या दोन बाजूंना घरे, मागे जिना, आणि समोर ओटा व एक लहान दुकान होते. दुचाकींसाठी पाठीमागे जागा सोडली होती. अण्णांनी तो कागद सर्वांसमोर पाहिला आणि म्हणाले, “ताई, चौकातले आकाश कोण विकत घेणार? आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीने उजेडाची काळजी कशाला करायची, तुला इथे राहायचे आहे का?” त्यावर कोणीही काही बोलले नाही. पुढे जो नकाशा मंजूर झाला त्यात चौकाच्या जागी ५ फूट बाय ६ फुटांची डक्ट, म्हणजे हवा-उजेडासाठी सोडलेली अरुंद उभी पोकळी, आली आणि संपूर्ण तळमजला स्टिल्ट पार्किंगला, म्हणजे नुसत्या खांबांमधल्या गाड्यांच्या जागेला, गेला.

अण्णा आजही म्हणतात की चौक ठेवला असता तर व्यवहारच जमला नसता. तो हिशोब मी इथे मांडते, कारण आपल्यालाही तो ऐकवला जाईल. चौक २२४ चौरस फुटांचा होता, त्यातून डक्टचे ३० वजा केले तर प्रत्येक मजल्यावर १९४ चौरस फूट मिळाले आणि तीन मजल्यांचे ५८२ झाले. एवढ्यासाठी इमारतीतील प्रत्येक घराचे स्वयंपाकघर डक्टवर गेले. तिथे भर दुपारी दिवा लागतो, चारही घरांच्या फोडणीचा वास एकमेकांच्या घरात फिरतो आणि खाली कबुतरांची घाण साचते. वाढीव जागेतून ज्या खोल्या निघाल्या त्याच सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी दराने विकल्या गेल्या.

पार्किंगचेही तसेच झाले. आमची गल्ली जेमतेम दहा फूट रुंद आहे आणि तिथे मोटार वळवून फाटकातून आत घेता येत नाही. त्यामुळे मोटारी मुख्य रस्त्यावर उभ्या राहतात आणि स्टिल्टमध्ये मोडकी कपाटे व जुन्या गाद्या पडून असतात. नकाशात पार्किंग दाखवावे लागते, हे अण्णांचे म्हणणे खरे होते. परंतु त्यासाठी गल्लीकडची संपूर्ण बाजू लोखंडी फाटकाला द्यावी, असे कोणी सांगितले नव्हते. आता शेजारच्या वाड्याच्या ओट्यावर संध्याकाळी चार माणसे बसलेली दिसतात आणि आमच्यासमोरून लोक न थांबता पुढे जातात.

वाडा पाडायलाच नको होता, असे मात्र माझे म्हणणे नाही. तुळया कुजल्या होत्या, संडास सामाईक होते, आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करणे मालकाला परवडत नव्हते. जुन्या नाशकात पावसाळ्यात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येते, तेव्हा तिथे राहणाऱ्यांना सुरक्षित घर हवे, याबद्दल वाद नाही. शिवाय आपली जागा सराफ बाजाराच्या उताराला असेल, जिथे २००८ आणि २०१९ च्या महापुरात पाणी दुकानांत शिरले होते, तर तळमजल्यावर राहती घरे नसणेच बरे. तिथे उंच जोत्यावर ओटा आणि दुकान ठेवता येईल. वाडा पाडल्यावर सामाईक भिंतीला ताडपत्री बांधायलाही विसरू नका, कारण शेजाऱ्याची मातीत रचलेली भिंत एका पावसाळ्यातही फुगते.

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत दाटीवाटीच्या जुन्या भागासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्या आपल्या वास्तुविशारदाकडून समोर बसून समजून घ्या आणि चौक कागदावर पहिल्या दिवशीच काढून घ्या, कारण खोल्या आखून झाल्यावर उरलेल्या जागेत फक्त डक्ट बसते. नंतर तोच नकाशा विकसन करारनाम्याला जोडून त्यावर प्रत्येक हिस्सेदाराची सही घ्या. घरातल्या बहिणींनाही त्या बैठकीला बोलवा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलांइतकाच हक्क दिला आहे. मी माझा आराखडा गुंडाळून परत आणला, करारनाम्याला तो जोडल्याशिवाय सही करणार नाही असे म्हटले नाही, आणि अण्णांनी दाखवलेल्या जागी सही केली.